न कळणाऱ्या लॅटिनसाठी लोक का उठले? १५४९चं डेव्हन-कॉर्नवॉलचं बंड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५४९मध्ये इंग्लंडच्या सरकारनं लोकांना त्यांच्या भाषेत प्रार्थना दिली, आणि नैर्ऋत्येच्या डेव्हन-कॉर्नवॉलमधले शेतकरी, मजूर, शिंपी 'आम्हाला आमची लॅटिनच हवी' म्हणून हत्यारं घेऊन उठले. ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवतावर वाढलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं. ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही तिच्यासाठी कुणी जीव का द्यावा? की पाद्र्यांनी भोळ्या लोकांना भडकावलं, एवढंच ते प्रकरण?

मी अठरा वर्षं डेव्हनमध्ये राहते आणि इथल्या एका शाळेत सोळा ते अठरा वयाच्या मुलांना ट्यूडर काळ शिकवते. दर वर्षी वर्गात कुणीतरी हेच विचारतं. 'भडकावलं' हा शब्द मी आधी बाजूला ठेवायला सांगते. तो एकदा मान्य केला की त्या माणसांचं म्हणणं ऐकायची गरजच उरत नाही, आणि ते म्हणणं तर कागदावर शिल्लक आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करते. 'इंग्लंडचे लोक' असं एकगठ्ठा उत्तर देता येत नाही. गाव कोणतं, साल कोणतं, गावावर वट कुणाचा, यावर सगळं अवलंबून आहे. त्याच उन्हाळ्यात नॉर्फकमध्ये रॉबर्ट केटच्या मागे हजारो माणसं जमली, पण त्यांचं भांडण कुरणांना कुंपणं घालणाऱ्या जमीनदारांशी होतं; त्यांच्या तळावर नवी इंग्रजी प्रार्थनाच चालत होती. १५३६मध्ये उत्तरेत रॉबर्ट आस्कच्या मागे तीसेक हजार लोक उभे राहिले, तेव्हा मठ बंद करण्याचा राग पुढे होता. १५६९मध्ये डरॅमच्या कॅथीड्रलमध्ये इंग्रजी बायबल फाडलं गेलं, पण तो उठाव दोन अर्लांनी, म्हणजे बड्या सरदारांनी, उभा केला होता. भाषेचा मुद्दा थेट मागण्यांमध्ये लिहिला गेला तो १५४९च्या नैर्ऋत्येत, म्हणून मी तेवढ्यापुरतंच बोलते.

सहावा एडवर्ड तेव्हा अकरा वर्षांचा होता. कारभार त्याचा मामा, ड्यूक ऑफ सॉमरसेट, पाहत होता. आर्चबिशप क्रॅनमरनं तयार केलेलं इंग्रजी प्रार्थनापुस्तक ९ जून १५४९पासून, म्हणजे पेंटेकॉस्टच्या रविवारपासून, सगळ्या देशात वापरायचं असा कायदा झाला. डार्टमूरच्या उत्तरेला सॅम्पफर्ड कोर्टनी नावाचं गाव आहे. तिथल्या हार्पर नावाच्या पाद्र्यानं रविवारी नव्या पुस्तकातून उपासना केली. सोमवारी अंडरहिल नावाचा शिंपी आणि विल्यम सीगर नावाचा मजूर गावकऱ्यांसह चर्चच्या दाराशी उभे राहिले: आज काय म्हणणार आहात? नवंच, कायदा आहे, असं पाद्री म्हणाला. तसं होणार नाही, असं त्यांनी बजावलं. त्यांचं कारण मी मुलांना दोनदा वाचायला लावते: आठवा हेन्री सांगून गेला आहे की मुलगा वयात येईपर्यंत धर्मात बदल करायचा नाही, राजा अजून लहान आहे. आपण कायदा मोडतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांच्या मते कायदा दरबाऱ्यांनी मोडला होता.

पाद्र्यानं जुनी वस्त्रं चढवली आणि लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, म्हटली. दंडाधिकारी आले आणि हात हलवत परत गेले. मग विल्यम हेलियन्स नावाचा त्या भागातला एक प्रतिष्ठित माणूस लोकांना समजवायला गेला. चर्च हाउसच्या पायऱ्या उतरताना त्याला कोयत्यानं गाठलं आणि तुकडे करून मारलं. त्याला पुरताना देह पूर्व-पश्चिम न ठेवता उत्तर-दक्षिण ठेवला, म्हणजे पाखंड्यासारखा. त्या गावात मी मुलांना घेऊन जाते तेव्हा हा भाग गाळत नाही. बंडखोरांबद्दल मला आपुलकी आहे, पण त्यांची सुरुवात एका निःशस्त्र माणसाच्या रक्तानं झाली हेही खरं.

तिकडे कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनला हम्फ्री अरंडेल नावाच्या तिथल्या जमीनदाराच्या पुढारपणाखाली लोक जमले. दोन्ही फौजा एक झाल्या आणि २ जुलैपासून पाच आठवडे त्यांनी एक्सेटर शहराला वेढा घातला.

आता मूळ प्रश्नाकडे. लॅटिन 'कळत नव्हती' म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे गणपतीत आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणताना किती जणांना शब्दन्‌शब्द अर्थ लागतो? तरी कुठे हात जोडायचे, कुठे आवाज चढतो, कुठे फुलं वाहायची, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. लॅटिन मिस्सा तशीच होती. घंटी वाजली की मान वर करायची, पाद्री पवित्र भाकर दोन्ही हातांनी उंच धरायचा, तो क्षण डोळे भरून पाहायचा. तोवर जपमाळ ओढत आपली प्रार्थना आपण करायची. शिकलेल्या सुधारकाला, म्हणजे नव्या प्रॉटेस्टंट मताच्या माणसाला, ते अडाणीपण वाटलं. त्या माणसाच्या अंगात मात्र ती उपासना आज्यापणज्यांपासून मुरलेली होती.

आणि उपासना म्हणजे फक्त शब्दही नव्हेत. इथे मी मोरबाथ गावचं उदाहरण घेते. एक्समूरच्या कडेचं, तीसेक घरांचं, मेंढपाळीवर जगणारं गाव. तिथला पाद्री क्रिस्टोफर ट्रिकी १५२०मध्ये आला आणि गावच्या चर्चचे जमाखर्च लिहीत राहिला. ती वही छापली गेली आहे. मी मुलांना तिची काही पानं देते आणि एवढंच विचारते: पैसा कुठून येतो, कशावर जातो?

उत्तर मेंढ्यांत सापडतं. गावात निरनिराळ्या संतांच्या नावानं मेंढ्या होत्या. त्या कुणा एकाच्या कळपात नसायच्या. या घरी एक, त्या घरी दोन, अशा लोक आपल्या मेंढरांबरोबर सांभाळायचे. त्यांची लोकर विकून त्या संतापुढचा दिवा जळायचा. तरुण मुलांचा निधी वेगळा, अविवाहित मुलींचा वेगळा, आणि त्यांचा हिशोब गावापुढे वाचला जायचा. मृतांसाठीच्या मिस्सेत घालायला काळी वस्त्रं हवीत म्हणून ट्रिकीनं जवळजवळ वीस वर्षं पैसे साठवले. ती वस्त्रं घेऊन होतायत तोच राज्य बदललं, आणि ज्या विधीसाठी ती घेतली तो विधीच मोडीत निघाला.

१५४७ ते १५४९ या दोन वर्षांत काय काय गेलं पाहा. मूर्ती उतरवायच्या. मिरवणुका बंद. मेणबत्त्यांचा सण, उपवासाच्या आरंभी कपाळावर लावायची राख, झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या, सगळं बंद. मृतांसाठी प्रार्थना करायला लोकांनी ठेवलेल्या देणग्या सरकारजमा. मोरबाथच्या मेंढ्या विकल्या गेल्या, दिवे विझले. वर्षाची लयच गेली म्हणा ना. अशा घरात शेवटी एक पुस्तक येतं आणि सांगतं की आता तुम्हाला सगळं समजेल. लोकांच्या हातातून गेलेल्या गोष्टींच्या यादीतलं ते शेवटचं कलम होतं, आणि मला वाटतं, म्हणूनच भडका तिथे उडाला.

बंडखोरांच्या मागण्या वाचताना मी दोन कलमांवर नेहमी थांबते. एक बाप्तिस्म्याचं. ते म्हणतात, मुलांचा बाप्तिस्मा आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी व्हायला हवा. नव्या पुस्तकात तो रविवारी किंवा सणाच्या दिवशी करावा असं सुचवलं होतं. निकडीच्या वेळी सूट होती, पण गावात पोचली ती बातमी अशी की आता रविवारशिवाय बाप्तिस्मा नाही. सोमवारी जन्मलेलं मूल बुधवारी दगावायचे ते दिवस. बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाला स्वर्ग नाही अशी आईबापांची पक्की श्रद्धा. एका वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी हे कलम वाचून म्हणाली, "यासाठी मीही उठले असते." तिला मी काहीच शिकवायची गरज उरली नव्हती.

दुसरं कलम जास्त प्रसिद्ध आहे. नवी उपासना ही नाताळातल्या खेळासारखी आहे, असं ते म्हणतात. पुष्कळ जण हे नुसतं हिणवणं समजतात. पण नव्या पुस्तकातली सूचना पाहिली तर अर्थ लागतो: ज्यांना प्रभुभोजन घ्यायचं त्यांनी वेदीजवळच्या भागात यायचं, पुरुषांनी एका बाजूला आणि बायकांनी दुसऱ्या बाजूला उभं राहायचं. जिथे एरवी पाद्र्याखेरीज कुणी फिरकत नसे तिथे आपलेच शेजारी समोरासमोर दोन रांगा करून उभे! गावाला ते नाचाच्या रांगांसारखं दिसलं असणार. पवित्र जागेची मर्यादा मोडल्याची चीड त्या उपमेत आहे.

त्याच कलमात पुढे कॉर्नवॉलचे लोक म्हणतात की आमच्यातल्या काहींना इंग्रजी येत नाही, सबब ही नवी इंग्रजी आम्ही साफ नाकारतो. 'लोकांच्या भाषेत' हा दावा इथेच कोसळतो. कॉर्नवॉलच्या पश्चिम भागात तेव्हा कॉर्निश बोलली जायची, आणि तिचं इंग्रजीशी नातं वेल्श किंवा ब्रेटनइतकंच दूरचं. क्रॅनमरनं त्यावर सविस्तर उत्तर लिहिलं. त्याचा सवाल बिनतोड वाटतो: इंग्रजी न येणारे असतील, पण लॅटिन येणारे त्याहून जास्त आहेत का? वादात तो जिंकतो. पण लॅटिन कुणाचीच बोली नव्हती, म्हणून ती कुणालाच परकं ठरवत नव्हती. इंग्रजी ही शेजारच्या, वरचढ माणसाची भाषा होती. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

ज्ञानेश्वरांचं तुम्ही आठवलंत ते योग्यच, फक्त तुलना शेवटापर्यंत न्यायला हवी. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती कुणाच्या फर्मानानं नाही. उद्यापासून संस्कृत पूजा केली तर तुरुंग, असा कायदा त्यामागे नव्हता. १५४९च्या कायद्यात जुनी मिस्सा म्हणणाऱ्या पाद्र्याला पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि तिसऱ्याला जन्मठेप होती. एकीकडे लोकांनी आपणहून उचललेली भाषा, दुसरीकडे वरून लादलेली. दोन्हीकडे 'लोकभाषा' हाच शब्द वापरला की गल्लत होते.

जुन्या धर्माची, म्हणजे कॅथलिक, माणसं लोकभाषेच्याच विरोधात होती, हेही खरं नाही, आणि याचा पुरावा आपल्या घरात आहे. थॉमस स्टीफन्सचा जन्म याच १५४९च्या सुमारास विल्टशरमध्ये झाला. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणं अवघड, म्हणून तो रोमला जाऊन जेझुइट (कॅथलिक संघातला धर्मप्रचारक) झाला आणि १५७९मध्ये गोव्यात उतरला. त्यानंच मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६मध्ये छापलं गेलं, आणि मराठी भाषेची रत्नांमधल्या निळ्या हिऱ्याशी तुलना करणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत वाचल्या. ज्या श्रद्धेसाठी डेव्हनचे लोक लॅटिन धरून बसले त्याच श्रद्धेचा हा इंग्रज.

आता 'पाद्र्यांनी भडकावलं' याबद्दल. मागण्यांचा मसुदा शिकलेल्या पाद्र्यांनी केला हे उघड आहे. परदेशात असलेल्या कॅथलिक कार्डिनल पोलला परत बोलवा, प्रत्येक परगण्यात दोन मठ पुन्हा सुरू करा, हे शिंप्याच्या डोक्यातून आलेलं नसावं. आणि आपल्याला घडामोडी ज्याच्याकडून कळतात तो जॉन हुकर वेढ्यात एक्सेटरमध्ये अडकलेला, सुधारणेच्या बाजूचा. म्हणून मी त्याचं वाचताना सावध असते. पण त्यानंच लिहिलेला एक प्रसंग पाहा. क्लिस्ट सेंट मेरी गावाकडे वॉल्टर रॅले (प्रसिद्ध दर्यावर्दीचा बाप) घोड्यावरून चालला होता. वाटेत जपमाळ घेऊन चर्चला निघालेली एक म्हातारी दिसली. त्यानं तिला थांबवून ही माळ आता चालणार नाही, कायदा आहे, शिक्षा आहे, असं सुनावलं. म्हातारी तडक चर्चमध्ये गेली आणि ओरडली की माळ, पवित्र पाणी, सगळं सोडा, नाहीतर हे मोठे लोक आपली घरं जाळतील. गाव उठलं. काही दिवसांपूर्वीच क्रेडिटनमध्ये सरकारी माणसांनी कोठारं पेटवली होती, त्यामुळे तिचं म्हणणं कुणाला खोटं वाटलं नाही. या प्रसंगात पाद्री नाही. घोड्यावरचा जमीनदार आहे आणि पायी चाललेली म्हातारी आहे.

म्हणजे पोटाचा आणि मानाचा प्रश्नही त्यात होता का? होता, आणि किती होता ते गावागणिक बदलतं. त्याच वर्षी मेंढ्या आणि लोकरी कापडावर नवा कर बसला होता, आणि मेंढपाळ मुलखात त्याची झळ पहिली. मठांच्या जमिनी स्वस्तात घेऊन गबर झालेले हेच जमीनदार नव्या धर्माचे कैवारी. मागण्यांमध्ये एक कलम आहे की जमीनदारानं उत्पन्नाच्या मानानं ठरावीक इतकेच नोकर ठेवावेत. धर्म एकीकडे आणि पोट दुसरीकडे अशी फाळणी आपण आज करतो. ज्याच्या चर्चचा दिवा मेंढीच्या लोकरीवर जळत होता त्याला मेंढीवरचा कर आणि विझलेला दिवा वेगळे कसे दिसणार?

इथवरचं एकत्र सांगायचं तर: त्यांना लॅटिन अंगवळणी होती, इंग्रजी काहींना खरोखर परकी होती, बदल शिक्षेच्या धाकानं आला, आणि त्याच्या आधीच्या दोन वर्षांत गावानं स्वतः उभं केलेलं बरंच काही काढून घेतलं गेलं होतं. एवढं मिळून लोक उठले. तरीही सगळे उठले नाहीत. एक्सेटरचे बहुतेक नागरिक मनानं जुन्या धर्माचेच होते असं हुकर स्वतः सांगतो, पण महापौर जॉन ब्लॅकॉलर राजाशी इमान राखून राहिला आणि शहरानं उपाशी राहून दार उघडलं नाही. सारखी श्रद्धा असलेली माणसं तटाच्या दोन्ही बाजूंना होती. 'श्रद्धेमुळे बंड झालं' असं सरळ उत्तर मुलं लिहितात तेव्हा मी समासात 'एक्सेटर?' एवढंच लिहिते.

शेवट वाईट झाला. सरकारी फौजेचा सेनापती लॉर्ड रसेल याच्या मदतीला स्कॉटलंडच्या युद्धासाठी भाड्यानं आणलेले जर्मन आणि इटालियन शिपाई आले. ६ ऑगस्टला वेढा उठला. क्लिस्टजवळ हात बांधलेल्या शेकडो कैद्यांची कत्तल झाल्याची नोंद आहे. ऑगस्टच्या मध्यावर सॅम्पफर्ड कोर्टनीलाच शेवटची लढाई झाली. हजारो गेले. एक्सेटरच्या वेशीबाहेरच्या सेंट थॉमस चर्चचा पाद्री रॉबर्ट वेल्श बंडखोरांबरोबर होता, आणि त्यानंच त्यांना शहरावर तापलेले गोळे डागून आग लावण्यापासून अडवलं होतं. त्याला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर पूजावस्त्रांसह, पवित्र पाण्याचं भांडं, घंटी आणि जपमाळ अंगावर बांधून फाशी दिलं. वर्षानुवर्षं देह तिथेच लटकत होता. बंडाची हाक घंटांनी दिली गेली म्हणून दोन्ही परगण्यांतल्या चर्चच्या घंटा उतरवायचा हुकूम निघाला.

कॉर्निशमध्ये प्रार्थनापुस्तक कधीच आलं नाही. वेल्शमध्ये मात्र ते १५६७मध्ये आलं, आणि १५८८मध्ये विल्यम मॉर्गनचं संपूर्ण बायबल. वेल्श आजही अनेक घरांत बोलली जाते. कॉर्निश अठराव्या शतकाच्या अखेरीला बोलचालीतून गेली. यामागे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण वेल्सला आपल्या भाषेत उपासना मिळाली आणि कॉर्नवॉलला नाही, हे नजरेआड करता येत नाही.

मोरबाथच्या वहीत १५४९ सालाखाली एक नोंद आहे. गावानं पाच तरुणांना सेंट डेव्हिड्स डाउनच्या छावणीवर जाताना पैसे दिले, कुणाला धनुष्यासाठी, कुणाला हातखर्चाला. ही छावणी म्हणजे एक्सेटरबाहेरचा बंडखोरांचा तळ. छापील प्रतीत त्या जागेचं नाव चुकीचं वाचलं गेलं होतं, त्यामुळे ही नोंद बंडाची आहे हे कित्येक दशकं लक्षातच आलं नाही. तीसेक घरांतून पाच पोरं. त्यांतल्या काहींची नावं नंतर वहीत दिसत नाहीत. एडवर्डनंतर आलेल्या कॅथलिक मेरी राणीच्या काळात मोरबाथच्या लोकांनी घरोघरी लपवलेले मूर्तींचे तुकडे आणि वस्त्रं आणून दिली, आणि ट्रिकीनं कोण काय घेऊन आलं ते आनंदानं टिपून ठेवलं. तिच्यानंतर प्रॉटेस्टंट एलिझाबेथ आल्यावर ते सगळं पुन्हा उतरलं. १५७४मध्ये मरेपर्यंत ट्रिकी त्याच गावात राहिला, त्याच चर्चमध्ये, आणि दर रविवारी इंग्रजी पुस्तकातून प्रार्थना वाचत होता.